तेवीसच्या तेवीस

दहावीच्या वर्गात आम्ही तेवीस जण होतो. गोवा मुक्त होऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, पेडणे तालुक्यात गावोगाव हायस्कुलं उभी राहिली होती, आणि आमच्या आईवडिलांना जे शिकायला मिळालं नाही ते सगळं आमच्याकडून एका दमात करून घ्यायचं, असं शिक्षकांनी मनावर घेतलं होतं. त्यातही गणिताचे सर जरा जास्तच. ते आमचे वर्गशिक्षक होते. शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच त्यांनी प्रत्येकाला वहीचं अर्धं पान फाडायला लावलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘माझे ध्येय’.

ध्येय एका ओळीत लिहायचं होतं. सर ते वाचून दाखवू लागले तेव्हा कळलं की आमच्या वर्गात दोन डॉक्टर, चार ड्रायव्हर आणि एक कलेक्टर बसलेले आहेत. कलेक्टर काय काम करतो हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या काकाला एका कलेक्टरने तीन तास बाहेर उभं करून ठेवलं होतं, तेव्हा काम आरामाचं असणार असा त्याचा अंदाज. पाव विकणाऱ्या पदेराच्या मुलाने ‘पदेर व्हायचं नाही’ एवढंच लिहिलं होतं. मी अर्थातच ‘नटी’ लिहिलं होतं. सरांनी ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच रंगमंचावर चुकीच्या बाजूने आले आहे.

माझ्या बाकावरच्या शेजारणीने लिहिलं होतं, ‘दहावी पास’. सर म्हणाले, हे ध्येय नव्हे गं, ही नुसती पायरी.

ती खाली बघूनच म्हणाली, “सर, आमच्या घरातलं कोण अजून त्या पायरीवर चढलेलं नाय.”

सरांनी ती चिठ्ठी नीट घडी घालून ठेवली.

तिचं कुटुंब तेरेखोल नदीपलीकडचं, सिंधुदुर्गातलं. वडील डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर होते आणि फक्त रविवारी घरी यायचे. आई पार्स्याजवळच्या एका काजूच्या बागेत कामाला, आणि त्या बागेच्या कडेलाच त्यांचं दोन खोल्यांचं घर. ती दिवसाला अकरा शब्द बोलायची. मी मोजलेले आहेत. त्यातले निम्मे गणिताच्या तासाला. माझं कसं होतं ते मी सांगत नाही. आम्हाला एका बाकावर बसवण्यात सरांचा हेतू असा असावा की दोघींचं मिळून एक माणूस व्हावं.

आता माझा गुन्हा सांगते. मधल्या सुट्टीत सर चिठ्ठ्या मेजावर ठेवून गेले आणि मला आबांची नक्कल करायची हुक्की आली. आबा म्हणजे आमच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे म्हातारे गृहस्थ. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने मांडलेली मागणी. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. आमच्याकडे नाटकाचा पडदा असो की विहिरीचं खोदकाम, गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. आबांचा आवाज तर असा, की ते देवळात बोलले की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून उभी राहायची. तो आवाज मी घरी, आईचं लक्ष नसताना, बरेच दिवस घोटला होता.

मी चिठ्ठ्यांचा ढीग सरांच्या कदेलावर, म्हणजे त्यांच्या त्या दांडीवाल्या खुर्चीवर ठेवला. ओढणी डोक्याला मुंडाशासारखी गुंडाळली. पोट पुढे काढलं आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तेवीस लेकरांनी तुझ्या पायाकडे आपापला मागणा ठेवलेला आसा.”

“व्हय म्हाराजा,” वर्ग म्हणाला.

मग मी एकेकाचं ध्येय काढलं. डॉक्टरांना रोगी मागितले, ड्रायव्हरांना वळणं सरळ करून मागितली, कलेक्टराला बसायला मऊ कदेल मागितलं. प्रत्येक वाक्याला बाकं बडवली जात होती. नटाला एवढी साथ मिळाली की काय होतं ते नटालाच ठाऊक. शेवटी आवाज चढवून मी जे म्हणायचं ठरवलंही नव्हतं ते म्हणून बसले: “आणि म्हाराजा, ह्या वर्गातल्या तेवीसच्या तेवीस जणांक दहावी पार कर. एकाचोय पाय मागे रवता कामा नये. ही आमची सगळ्यांची जबान.”

“व्हय म्हाराजा,” म्हणताना काही जणांचा आवाज मध्येच बारीक झाला. मी वळून पाहिलं. दारात सर उभे होते आणि त्यांच्या शेजारी खुद्द आबा. देवळातल्या गावसभेसाठी शाळेची बाकं मागायला ते नेमके त्याच दिवशी आले होते.

सर पुढे आले, पण आबांनी त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं आणि मला म्हणाले, अर्धवट सोडू नकोस, शेवट कर. गाऱ्हाण्याचा शेवट कसा असतो तो मला येत होता, पण आता तो म्हणताना माझा आवाज आबांचा राहिला नव्हता, दुखणाईत बकरीचा झाला होता. कसाबसा केला. मागच्या बाकावरचा एक शहाणा म्हणाला, आबा, बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं ना. आबा त्याच्याकडे न बघताच म्हणाले, “ता नंतर बघू. पण साथ तू दिलंस मा? मगे जबान तुझी पण झाली.”

आणि निवाडा देऊन टाकला. शब्द तोंडातून गेलेला आहे, तेवीस जणांनी मान्य केलेला आहे, आता तो मागे घेता येणार नाही. तेवीसच्या तेवीस म्हणजे तेवीस. बावीस झाले तर बावीसही खोटे पडले. एवढं सांगून ते बाकं मोजायला निघून गेले.

मला शिक्षा झाली नाही. सरांच्या चेहऱ्यावर शिक्षेपेक्षा वाईट काहीतरी होतं, म्हणजे आनंद. इतकी वर्षं ते ध्येय, ध्येय म्हणत होते आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं. आता त्यांच्या हाती शस्त्र आलं. कोणी गृहपाठ केला नाही की ते रागावत नसत, देवळाच्या दिशेने हळूच बघत आणि उसासा टाकत. त्या उसाशाने वर्गाचं जेवढं भलं झालं तेवढं छडीने झालं नसतं. इतिहास ज्याला येई तो इतिहास सांगू लागला, हिंदी जिला येई ती हिंदी. दिवाळीपर्यंत आमच्या वर्गात एक विचित्र गोष्ट घडली होती. दुसऱ्याला कमी मार्क पडले की लोक हसायचे बंद झाले आणि काळजीने विचारू लागले, “कितीत गेलास? काय येत नाही?”

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. बावीस जण पास. तेविसावी, म्हणजे जिने देवाला जबान दिली ती, गणितात एकोणीस.

वर्गाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही. मोठमोठ्याने बोलणाऱ्या माणसाकडे लोक शेवटी जसे बघतात, तसं ते बघणं होतं. कलेक्टर म्हणाला, तुझ्यामुळे आम्ही सगळे देवाकडे खोटारडे ठरणार, त्यात मी तर सरकारी माणूस. त्याच दिवशी माझा ताबा वर्गाने घेतला. मला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

पदेराचा मुलगा पहाटे सायकलवरून पाव घालायचा. भोंपू वाजला की आई पिशवी घेऊन बाहेर जायची. आता तो पाव द्यायच्या आधी मला बोलवा म्हणू लागला. मी डोळे चोळत बाहेर यायची, एक सूत्र म्हणायची, मग टोपलीवरचं कापड उघडायचं. चुकलं की कापड परत झाकलं जायचं. आई म्हणायची, अरे, पाव तरी दे, ती मागाहून सांगेल. तो म्हणायचा, “काकी, पाव गरम आसा, हिचा डोका थंड आसा. आधी ता गरम करूया.” आत बाबा चहाचा कप हातात धरून पावाची वाट बघत बसलेले असत. चार दिवसांनी त्यांचा धीर सुटला आणि जनेलातून डोकं बाहेर काढून त्यांनीच वर्तुळाचं क्षेत्रफळ ओरडून सांगितलं. ते त्यांना अजून पाठ आहे.

पण खरं गणित मला शिकवलं ते बाकावरच्या शेजारणीने. शाळा सुटली की मी तिच्या घरी जायची. काजूचे दिवस होते, बागेभर बोंडांचा आंबूस गोड वास. तिची आई बोंडं पिळून बिया वेगळ्या करत असायची आणि आम्ही दोघी अंगणात. मी बसल्याबसल्या कुठल्यातरी नाटकातला प्रवेश सांगायला लागायची. ती मला थांबवत नसे. काठीने मातीत समीकरण लिहायची आणि वाट बघायची. माझा प्रवेश संपला की विचारायची, “झाला? आता एक्स काढ.” एक्स चुकला की समीकरण पायाने पुसायची आणि तेच पुन्हा लिहायची. एका संध्याकाळी सात वेळा पुसलं. सातव्या वेळी आला तेव्हा मी टाळ्या वाजवायला उभी राहिले, तर तिने दुसरं लिहायला घेतलेलं होतं.

एकदा मी घरी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, “माझा इंग्लिश जरा बघशील?”

मी हसले. पूर्वपरीक्षेत गणितात ऐंशीच्या वर मार्क काढणारी मुलगी माझ्याकडे काय मागत होती? मी म्हटलं, तुला काय धाड भरली आहे इंग्लिशची, उद्या बघू. चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा उद्या म्हटलं, आणि त्याच वेळी तिने काठी उचलल्यामुळे मला वाटलं की विषय संपला. पूर्वपरीक्षेत तिला इंग्रजीत छत्तीस होते. पस्तीसला पास, म्हणजे ती पास होती. नापास कोण एवढंच आम्ही बघत होतो आणि ती नापास मी होते.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी सरांनी यादी शाळेच्या दाराला चिकटवली आणि ते बाजूला उभे राहिले, पण ते हसत नव्हते हे आम्ही पाहिलंच नाही. सगळ्यांनी आधी माझं गणित शोधलं. सदतीस. मग जो काही आरडाओरडा झाला! डॉक्टरांनी मला उचललं, ड्रायव्हरांनी गाडीचे आवाज काढले, कलेक्टराने जाहीर केलं की सरकार समाधानी आहे. मी उचललेल्या अवस्थेतच भाषण सुरू केलं. दोन वाक्यं झाली असतील, तेव्हा वरून मला ती दिसली. ती यादीसमोर उभी होती आणि एका आकड्यावर बोट ठेवून होती. दुसऱ्यांदा बेरीज करून बघावी तशी.

इंग्रजीत सत्तावीस.

तिने एक निबंध आणि दोन पत्रं घोकली होती. त्यातलं काही आलं नव्हतं. वर्गाने मला खाली ठेवलं, खरं तर सोडूनच दिलं, आणि मी जरा आपटले. कोणी हसलं नाही. तिने आमच्याकडे बघितलं आणि आमचीच समजूत काढत असल्यासारखी म्हणाली, “सॉरी हां. माझ्यामुळे तुमी खोटे पडलात.”

तिला मी दोनदा उद्या म्हटलं होतं हे तिने तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. म्हणून मला ते सगळ्यांसमोर स्वतःच सांगावं लागलं. ते माझं त्या दिवसाचं उरलेलं भाषण.

त्या रविवारी तिचे वडील आले तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं. फेरपरीक्षा ऑक्टोबरात असते, एकदा बसू दे, नाही झालं तर आईबरोबर बागेत. ते रागाने बोलले नाहीत. ट्रक ज्या वळणावर वळत नाही तिथे तो घालायचा नसतो, असं काहीसं म्हणाले.

आम्ही आबांकडे गेलो. मी आणि माझ्यामागे सात-आठ जण, सगळे खाली मान घालून. आबा ओट्यावर माडाच्या झावळ्यांची चुडतं विणत बसले होते. मी सगळं सांगितलं आणि विचारलं की आता जबान मोडली, तर करायचं काय.

आबांनी हातातलं विणकाम थांबवलं नाही. “गाऱ्हाण्यात साल सांगितलेलंस?”

“नाही.”

“ह्या परीक्षेक, असा म्हटलेलंस?”

मी आठवून पाहिलं. “नाही. नुसतं दहावी पार कर, इतकंच.”

“मगे गाऱ्हाणा चालू आसा,” आबा म्हणाले. “देव थांबलेलो आसा. तुमी घरी जाऊन बसलात तर तो कित्याक थांबात?”

मला त्या दिवशी कळलं की आमच्या गावात वकील का टिकत नाहीत.

जूनमध्ये आम्ही सगळे पांगलो. कोणी पेडण्याला, कोणी म्हापशाला, कलेक्टर डिचोलीला आयटीआयमध्ये वायरमनकी शिकायला. पण रविवारी पाळीपाळीने तिच्याकडे यायचं ठरलं. एकाने पत्रलेखन घेतलं, एकीने व्याकरण, पदेराच्या मुलाने धडे वाचून घेण्याचं. निबंध आणि बोलणं मी घेतलं. दुसरं कोणाला मिळणं शक्यच नव्हतं.

त्या दिवसांत ती आईबरोबर लावणीला जात असे. म्हणून मीही कॉलेजातून आले की रोज शेतात जायची. ती चिखलात वाकून भाताचा तरवा लावत असायची आणि मी बांधावर छत्री घेऊन उभी राहून इंग्रजीत बोलायची. काय बोलायची ते विचारू नका, पण हातवारे उत्तम होते. पाच-सहा दिवसांत लावणीच्या बायका दुपारी चार वाजता मला “गुड मॉर्निंग” करू लागल्या. एक म्हातारी काकी तर बैलाला “कम, कम” म्हणू लागली आणि तो येतो असं तिचं म्हणणं होतं. सगळं शेत इंग्रजी शिकत होतं, जिला शिकायचं होतं ती सोडून. तिच्या तोंडून एक वाक्य निघत नव्हतं.

एका दुपारी ती ताठ उभी राहिली. कमरेवर चिखलाचा हात ठेवला.

“तू अर्धो तास गप रवशील?”

मला वाटलं तिला बरं नाही. “का गं?”

“तू बोलतस तेव्हा माका माझा वाक्य ऐकाक येणा नाय.”

अर्धा तास. मी आयुष्यात अनेक कठीण भूमिका केल्या, पण बांधावर छत्रीखाली तोंड मिटून बसलेल्या मुलीची भूमिका एकदाच वाट्याला आली. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या मनात तीन वाक्यं तयार झाली होती, तिच्यासाठी. जिभेच्या टोकावर आणून मी ती गिळली. ती रोप लावत होती, ओठ हलवत होती, पुन्हा पहिल्यापासून हलवत होती. दहाएक मिनिटांनी ती म्हणाली, “द वॉटर इज कोल्ड.”

म्हातारी काकी म्हणाली, “झाला? इतक्यासाठी?”

पण ते वाक्य कुठल्याही पुस्तकातलं नव्हतं. पाणी खरोखरच गार होतं. त्यानंतर रोज अर्धा तास मी गप्प बसायची आणि ती आपल्या डोळ्यांसमोर जे असेल त्याचं एकेक वाक्य करायची. श्रावण संपेपर्यंत ती पाच-पाच वाक्यं सलग बोलू लागली. चुकलं की मागे जाऊन पुसायची, समीकरण पुसावं तशी, आणि पुन्हा म्हणायची. मला सुधारायची परवानगी फक्त शेवटी होती, आणि तीही तिने मागितली तर.

तरीही तयारी हवी म्हणून मी तिच्याकडून पाच निबंध पाठ करून घेतले होते. त्यातला एक मैत्रिणीवरचा. माझ्या निबंधातली मैत्रीण उंच, गोरी, पहाटे पाचला उठणारी आणि मोठ्यांचा मान राखणारी होती. अशी मुलगी आमच्या तालुक्यात नव्हती.

ऑक्टोबरात पेडण्याला परीक्षा होती. इंग्रजीच्या दिवशी आम्ही सहा जण कॉलेज बुडवून फाटकाबाहेर उभे राहिलो. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना, कधीच कळत नसे. मी विचारलं, निबंध कुठला आला? म्हणाली, मैत्रिणीवरचा. मी जवळजवळ नाचले.

“पण तुझो नाय लिवलंय,” ती म्हणाली. “ता चेडू खरा वाटणा नव्हता.”

मग काय लिहिलंस, म्हणून सगळे मागे लागले. तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून, सावकाश, आधी इंग्रजीत आणि मग पदेराच्या मुलासाठी आपल्या भाषेत सांगितलं. माझी मैत्रीण सकाळपासून बोलते. तिला गणित येत नव्हतं, आता थोडं येतं. ती सगळ्यांच्या नकला करते, माझीसुद्धा. मला इंग्लिश येत नव्हतं. ह्या पावसाळ्यात ती रोज अर्धा तास गप्प बसली. म्हणून हे मी लिहिते आहे.

पदेराच्या मुलाने तिच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

निकाल लागला तेव्हा तिला इंग्रजीत त्रेचाळीस होते. त्यातून माझ्या गणितातल्या सदतिसांची वजाबाकी तिने लगेच करून दाखवली. रविवारी तिचे वडील डिचोलीहून येता येता आमच्या दारात थांबले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, पोरगी पास झाली, तेव्हा आता पुढे काय करते ते जरा विचारून सांग, माझ्याशी ती बोलत नाही. मी म्हटलं, काका, ती माझ्याशीही बोलत नाही, पण विचारते.

तिने उत्तर तयार ठेवलेलं होतं. जूनमध्ये पेडण्याला अकरावी, कॉमर्स. तोपर्यंत आईबरोबर काम.

“आणि तुझा अकरावीचा इंग्लिशचा पुस्तक माका होया,” ती म्हणाली. “आत्तापासून नीट वापर. चित्रांतल्या बायकांक मिशा काढू नको.”

मी वचन दिलं. चार जणींना आधीच काढून झाल्या होत्या, ते मात्र तिला जूनपर्यंत सांगितलं नाही.